कानातला बोळा आणि ताटातलं केळं

मा. जिल्हाधिकारी,
जळगाव.

महोदय,



बोदवड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत अठ्ठावीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आमच्या भागातून आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक पाण्याची असतात, आणि ती यायलाच हवीत. हे पत्र मात्र पोरांच्या कानांबद्दल आहे, आणि कानाचं कारण सांगून त्यांच्या ताटातून काढून घेतल्या जाणाऱ्या घासांबद्दल. ते खुलं लिहिते आहे, कारण त्यातलं निम्मं आपल्यासाठी आहे आणि निम्मं माझ्या तालुक्यातल्या आयांसाठी, आज्यांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी.

२०२३ च्या जूनमध्ये माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, उजव्या कानात कायम कापसाचा बोळा घातलेला. आमचा मुलूख कपाशीचा. दिवाळीच्या सुमाराला घराघरात कापूस रचलेला असतो. त्यातलीच चिमूट काढून, सरकी वेगळी करून, त्याची आजी रोज सकाळी ती त्याच्या कानात बसवायची. सकाळी पांढराशुभ्र असलेला बोळा मधल्या सुट्टीपर्यंत पिवळा पडायचा आणि शाळा सुटेपर्यंत ओला होऊन बाहेर लोंबायचा. वास यायचा. त्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे. तो स्वतः मान थोडी उजवीकडे वळवून बसायचा. मला ती त्याची खोड वाटायची. डावा कान माझ्याकडे करण्यासाठी तो तसा बसतो, हे मला फार उशिरा कळलं.

श्रुतलेखनात तो मागे पडायचा. ‘साखर’ सांगितलं तर ‘खार’ लिहायचा. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वर बघायचा. मी त्याला लक्ष देत नाहीस म्हणून रागवायचे, आणि इतर मुलांची वासाची तक्रार वाढली तेव्हा त्याला शेवटच्या ओळीत बसवलं. वर्गात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येत होतं, त्याला मी माझ्यापासून सगळ्यात लांब बसवलं. हे मी केलं आहे, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शासनाचा निर्णय आला. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा स्थानिक फळ. आमच्याकडे त्या दिवशी हजेरी भरगच्च असायची. हा मुलगा मात्र ताट घेऊन यायचा, अंडं नको म्हणायचा, केळंही नको म्हणायचा, आणि नुसता भात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी आजीला बोलावून घेतलं. ती लगबगीने आली आणि हात जोडून म्हणाली, “बाई, त्याले केयी देऊ नका. दही, दूध, केयी, शेंगदाने, सारं बंद हाये त्याचं. खाल्लं का त्याचा कान फुटतो.”

किती दिवसांपासून बंद आहे, विचारलं. “दोन वर्साचा होता तईपासून.”

महोदय, आपला जिल्हा केळीचा. रावेर, यावल, मुक्ताईनगरची केळी वॅगनी भरून उत्तरेकडे जाते, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि शेंगदाण्याशिवाय खानदेशातला स्वयंपाक होतो कसा, हे मला माहीत नाही. ठेच्यात दाणे, भाजीच्या रश्श्यात कूट, फोडणीला शेंगदाण्याचं तेल. त्या घरात या एका मुलासाठी वेगळं शिजत होतं: पातळ वरण, भात, आणि भाकरीचा पापुद्रा. तिसरीतला मुलगा पहिलीतल्या मुलांच्या रांगेत उभा केला तर ओळखू आला नसता. आजीने हे प्रेमापोटी केलं होतं. शेजारणीने सांगितलं, वैदूने सांगितलं, शहरातून आलेल्या एका नातलगाने मोबाइलवर दाखवलं की कान वाहणं ही दुधाची अ‍ॅलर्जी असते. ज्याने जे सांगितलं ते ती बंद करत गेली. कान मात्र वाहतच राहिला. सहा वर्षांत सगळ्यांनी त्याच्या ताटात डोकावून पाहिलं आणि त्याच्या कानात कुणीच पाहिलं नव्हतं.

नंतर जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे त्याला नेलं तेव्हा मीही सोबत होते. तिथे जे समजलं आणि त्यानंतर मी जे वाचून काढलं, ते थोडं सविस्तर सांगते.

नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या भागातून एक बारीक नळी कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत जाते. तिथली हवा खेळती ठेवणं आणि साचलेलं पाणी घशात उतरवणं हे तिचं काम. लहान मुलांत ही नळी मोठ्यांच्या निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की तिचं तोंड सुजतं, पाणी आतच राहतं, आणि घशातले जंतू त्या आडव्या वाटेने कानात पोचतात. मूल तापतं, रात्रभर रडतं, कान ओढतं. मग दाब वाढून पडदा फुटतो, पू बाहेर येतो, दुखणं एकदम थांबतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं तर काळजी घ्यायची वेळ तिथूनच सुरू होते. बहुतेकदा पडदा आपोआप भरून येतो. पण सर्दीमागून सर्दी झाली, कानात पाणी गेलं, कोमट तेल, लसणाचं तेल, कुणी सांगितलं म्हणून आणखी काही ओतलं गेलं, तर भोक भरत नाही आणि कान वर्षानुवर्षं वाहतो. पडदा फाटलेला असताना दुकानातून आणलेले काही जातीचे थेंब तर आतल्या कानाच्या नसेलाच इजा करू शकतात.

हा आजार गरिबाघरचाच असं नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन भागात मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा अभ्यास १९८९ साली छापून आला. त्यात तीन वर्षांची होईपर्यंत दहातल्या आठ मुलांना एकदा तरी कानाचा संसर्ग होऊन गेला होता. फरक पुढे पडतो. तिकडे बहुतेक कान बरे होतात, आपल्याकडे ते वाहते राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जुनाट वाहत्या कानांचा अहवाल काढला, त्यात हा आजार सर्वांत जास्त असलेल्या देशांत भारताचं नाव आहे. लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून जास्त लोकांचे कान वाहत असतील तर ती तातडीने हाती घ्यायची सार्वजनिक समस्या, असं त्या अहवालाचं माप आहे. त्याच संघटनेने २०१६ च्या जागतिक श्रवण दिनाला, म्हणजे ३ मार्चला, सांगितलं की मुलांच्या बहिरेपणापैकी ६० टक्के टाळता येण्यासारखा असतो.

आता अन्नाचं. आजीचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यात खऱ्याचा एक धागा आहे. अमेरिकेत १९९४ साली कानात वारंवार पाणी साचणाऱ्या १०४ मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी आहे आणि तो पदार्थ थांबवल्यावर बहुतेकांचे कान सुधारले, असं त्यात म्हटलं होतं. जगभरचे आईवडील आजही त्याचा आधार घेतात. पण ज्यांचं खाणं बदललं नाही अशा मुलांचा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती, आणि कानात साचलेलं पाणी बऱ्याच मुलांत तीनेक महिन्यांत आपोआप उतरतं. म्हणून आजही कानाच्या डॉक्टरांचे संघ कान वाहतो एवढ्या कारणाने दूध किंवा अंडं बंद करा असं सांगत नाहीत. दुधाने कफ वाढतो, ही समजूतही तपासून झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये साठ स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण करून ते किती दूध पितात आणि त्यांच्या नाकातून किती शेंबूड येतो याचं मोजमाप केलं होतं. १९९० मध्ये निष्कर्ष आला: दुधाने शेंबूड वाढत नाही.

मात्र अन्नाची खरी अ‍ॅलर्जी असतेच, आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही. तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात, छाती घरघरते. आणि पुन्हा तोच पदार्थ दिला की बहुधा पुन्हा तसंच होतं. अगदी तान्ह्या बाळाला वरच्या दुधाने शौचात रक्त येऊ शकतं. असं मूल वेगळं. त्याच्यासाठी तो पदार्थ खरंच बंद हवा, आणि जीव घाबरा झाला, श्वास अडकला तर मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हवं, तेही लगेच. माझ्या पूर्ण नोकरीत मला अशी एकच मुलगी भेटली. चिक्कीचा तुकडा खाऊन तिचे ओठ दहा मिनिटांत फुगले होते. तिच्या आईला ते आधीपासून माहीत होतं. शाळेला नव्हतं, कारण दाखल्यापासून आहाराच्या नोंदवहीपर्यंत कुठल्याच कागदावर ते विचारायला जागा नव्हती. त्या दिवशी मोटारसायकल जवळ होती म्हणून निभावलं. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर दूध, गहू, शेंगदाणा आहे हे छापणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. शाळेत ताट वाढणाऱ्या ताईंना मात्र कुठल्या मुलाला काय चालत नाही हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आयांना सांगायची आहे, कारण भीतीपोटी शेंगदाणे लांब ठेवण्याची रीत आता आपल्याकडेही येते आहे. लंडनमध्ये ६४० तान्ह्या बाळांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्यातली बाळं. निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा पदार्थ नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षं दिला नाही. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ज्यांना दिला नव्हता त्यांच्यात कितीतरी जास्त निघाली. खाणाऱ्यांत ती सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. आख्खा दाणा बाळाला कधीच द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. पण वरणात, पेजेत मिसळलेला बारीक कूट आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या देत आल्या आहेत, आणि ते चुकीचं नव्हतं. शहरातल्या लॅबमध्ये हजारो रुपये घेऊन शंभर पदार्थांची रक्ततपासणी करतात आणि लांबलचक यादी हातात देतात, तिच्याविषयीही बोलायला हवं. त्यातल्या आयजीजी नावाच्या तपासणीने अ‍ॅलर्जी कळत नाही, हे युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी लेखी सांगितलं आहे. मजुरीचे पैसे तिथे घालवू नका.

वाहत्या कानासाठी काय करायचं हे इतकं साधं आहे की मला ते तिसरीच्या वर्गातच कळायला हवं होतं. कान कोरडा करायचा. धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची, जुन्या धोतराची वा लुगड्याची, स्वच्छ पट्टी घ्यायची आणि तिची वात वळायची. देवापुढच्या समईची वळतो तशीच, जरा जाड. तिचं टोक हळूच कानात ठेवायचं, पू शोषून ती ओली झाली की काढायची, दुसरी ठेवायची, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. नंतर कानात काही कोंबून ठेवायचं नाही, काडी घालायची नाही, तेल नाही, पाणी नाही. चौदा दिवसांहून जास्त वाहत असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेले क्विनोलोन जातीचे थेंब, कान असा कोरडा करूनच, दोन आठवडे. कानामागे सूज आणि दुखणं असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. आशाताईंच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातसुद्धा हेच आहे. डॉक्टरांच्या खोलीत आजीने पहिली वात वळली तेव्हा ते तिच्या बोटांकडे बघतच राहिले. इतकी सुबक वात त्यांना आयुष्यात वळता आली नसती. ज्या हातांनी सहा वर्षं बोळे कोंबले, त्याच हातांनी सव्वीस दिवसांत तो कान कोरडा केला.

मुळात कान वाहूच नये म्हणून बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नये, चुलीचा आणि विडीचा धूर त्याच्या नाकाशी जाऊ देऊ नये, सहा महिने अंगावरचंच दूध द्यावं, आणि सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिन्यांची न्यूमोकोकल लस चुकवू नये. ही लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मुळात ती न्यूमोनियासाठी, पण कानाचे काही संसर्गही ती टाळते.

आता आपल्याकडे मागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत वाहता कान आहे. सापडलेल्या मुलाचे पुढचे उपचार शासनाच्या खर्चाने करण्याची त्यात सोय आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे योजना आहे, माणसं आहेत, दवाखानाही आहे. तरी हा मुलगा हातातून सुटला, कारण तपासणीच्या दिवशी आजीने त्याला न्हाऊमाखू घालून, बोळा काढून, कान पुसून पाठवलं होतं. पाहुण्यांपुढे पोर स्वच्छ दिसावं म्हणून. आणि वर्षभर तो बोळा बघणारी मी, पथकाला एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, कान काय, वाहतात पोरांचे.

जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव या नात्याने आपण एवढं करू शकता. साध्या टॉर्चने कानाच्या तोंडाशी आलेला पू दिसतो, पडदा दिसत नाही. त्याला ओटोस्कोप लागतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक पथकाच्या पिशवीत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर तो आहे का, त्याची बॅटरी चालते का, हे एकदा मोजून घ्यावं आणि जिथे नसेल तिथे द्यावा. पथक येण्याच्या आधल्या आठवड्यात वर्गशिक्षकाकडून एक कागद मागवावा: कुणाच्या कानातून वर्षभरात पाणी आलं, कोण हाकेला उशिरा वळतो, कोण मान वाकडी करून ऐकतो. दिवसभर मुलं आमच्या डोळ्यांपुढे असतात. पथकाच्या वाट्याला एक मूल चार मिनिटं येतं. त्याच कागदावर एक रकाना अन्नाचा असावा: कुठला पदार्थ खाऊन मुलाला गांधी उठल्या, सूज आली, श्वास लागला. नुसतं ‘काय बंद आहे’ असं विचारू नये, ‘खाल्ल्यावर काय झालं’ ते विचारावं. या एका प्रश्नाने खरी अ‍ॅलर्जी असलेलं मूल सापडेल आणि उगाच उपाशी ठेवलेली मुलंही सापडतील. आणि बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला वार कानाच्या डॉक्टरांचा असावा. जळगावला जायचं म्हणजे दोन माणसांची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. कापूस वेचणीच्या दिवसांत ते कुणालाच परवडत नाही.

शिक्षकांना एक सांगते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, त्याचा एक कान त्याच्याच बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजून एकेक शब्द बोला: भाकरी, सरकी, बट्टी, चिंच. त्याला तो परत म्हणता आला नाही तर त्याला पहिल्या बाकावर घ्या आणि त्याच्या घरी जा. दोन मिनिटं लागतात. मी ही तपासणी निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिकले आणि त्या एका शाळेत आणखी तीन मुलं सापडली. त्यांतली एक मुलगी वर्गात पहिली येणारी होती; ओठ वाचून वाचून ती पहिली येत होती.

तो मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. केळं खातो, दाणे खातो, दही खातो, काहीही होत नाही. अंगाने भरला आहे. उजव्या पडद्याचं भोक अजून आहे. डॉक्टर म्हणाले, कान सलग तीन महिने कोरडा राहिला की शस्त्रक्रियेचं बघू. दर पावसाळ्यात तो एकदा ओला होतोच. परवा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणात त्याची आंघोळ चालली होती. आजीने घरच्या कापसाची चिमूट घेतली, सरकी काढली, ती व्हॅसलीनमध्ये चांगली माखली, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून कानाच्या तोंडाशी बसवली. आंघोळ झाल्या झाल्या तिने ती काढली, उजेडाकडे धरून बघितली आणि मला दाखवली. कोरडी होती.

आपली नम्र,
जिल्हा परिषदेची एक निवृत्त शिक्षिका,
बोदवड